सुंदराबाईविषयी बावीस मतं

वच्छलाबाई तायडे पातूरकडच्या, आणि चहात साखर कमी घेत. देवरावांना त्यांच्याविषयी खात्रीनं एवढंच सांगता आलं असतं. अकोल्याच्या एका नर्सिंग शाळेत दोघांनी तीन वर्षं शेजारच्या खोल्यांत काम केलं. त्या शिकवत, हे कारकुनी करत. पण घरी कोण असतं, एवढंही देवरावांनी कधी विचारलं नाही. जीभच उचलली नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिली. साल एकसष्टचं.

वच्छलाबाईंनी जठारपेठेतल्या गादीवाल्याकडून माणसाएवढी बाहुली शिवून घेतली होती. मांजरपाटाचं अंग, आत कापूस ठासून भरलेला. नाक तिरपं, एक डोळा मोठा, म्हणून मुलींनी नाव ठेवलं सुंदराबाई. वॉर्डात पाऊल टाकण्याआधी मुलींनी तिचं अंग पुसायचं, कूस बदलायची, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं. सुई टोचायला संत्री. जित्या माणसावर पहिला हात चालवायचा नाही, असा बाईंचा हट्टच होता.

मेट्रन माणिकबाईंना हे पटत नव्हतं. "ही भातुकली कुठवर चालायची? खोली मला चादरींना हवी आहे. मुलींनाच विचारा, काही उपयोग होतो का. शनिवारपर्यंत लेखी द्या."

मुलींना मत विचारायचं! तोवर त्या शाळेत मुलींनी तोंड उघडायचं ते फक्त हजेरीला. बाईंनी चिठ्ठ्या लिहून घेतल्या. बावीसच्या बावीस चिठ्ठ्यांवर एकच मजकूर: 'फार चांगले.'

"मले भिऊन राहिल्या ह्या," बाई देवरावांना म्हणाल्या. "मी अक्षर ओळखतो त्यायचं, हे ठाऊक आहे ना त्यायले. आता तुमी विचारा. त्यायनं बोलायचं, तुमी तुमच्या अक्षरात लिवायचं. नाव कोणाचंच नको."

देवराव मुलींशी बोलताना मान वर न करणारे. तरी दौत घेऊन बसले. मुली एकेक करून आत येऊ लागल्या.

"लिवा भाऊ, सुंदराबाई लय जड आहे. उचलून उचलून माही कंबर गेली."

"हे लिहू?"

"मंग! बाईनंच खरं सांगा म्हटलं. काहून भिता तुमी?"

कोणी म्हणाली, भीती गेली. कोणी म्हणाली, वॉर्डात पहिल्या दिवशी हात थरथरला नाही. सगळ्यांत शेवटी शालू आली, मूर्तिजापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी.

"सुंदराबाई लाजत नाही, भाऊ. तिले गरमानं पोयत नाही, दुखत नाही. आमी तिले कसंबी ओढतो अन् तीच सवय वॉर्डात नेतो. काल मी एका म्हातारीचा पदर न विचारता बाजूले केला. ती रडली. लिवा हे."

देवरावांनी लिहिलं आणि कागद टेबलाच्या खणात सरकवला. हा माणिकबाईंच्या हाती पडला की खोली गेलीच. संध्याकाळी त्यांनी बाईंपुढे बाकीचे कागद ठेवले.

बाईंनी मोजले. "पोरी बावीस आहेत, देवराव."

"एक... एक वाईट आहे, बाई."

"मंग तोच पहिले द्या."

उभ्याउभ्याच दोनदा वाचला त्यांनी. देवरावांचे कान मात्र तापले.

दुसऱ्या दिवशी हजेरीपुस्तक घेऊन ते वर्गाच्या दाराशी आले, तर खाटेवर सुंदराबाई नव्हती. तिथे वच्छलाबाई निजल्या होत्या, चष्मा काढून, डोळ्यांवर पट्टी बांधून. "आज मी रोगी. चला, कामाले लागा." मुली भिंतीला चिकटल्या. शिकवणाऱ्या बाईंना हात लावायचा? शेवटी एकीनं धीर केला. सवयीप्रमाणे पिशवी भरली आणि थेट पायाला टेकवली.

"पोयलं वो माय!" बाई ताडकन उठून बसल्या.

मग बाईच हसू लागल्या आणि सगळा वर्ग हसला. पिशवी आधी स्वतःच्या हाताला लावून बघायची, हे प्रत्येकीच्या वहीत होतं. पण कापसाला भाजत नाही, म्हणून महिनाभरात सगळ्याजणी ते विसरल्या होत्या. बाई पुन्हा आडव्या झाल्या. शालू पुढे आली, खाटेशी वाकली आणि हळूच म्हणाली, "मावशी, पाय पुसू का तुमचे?"

पट्टी बांधलेल्या बाईंनी मान डोलावली.

देवराव दारातून मागे सरले. त्यांनी मोठमोठे साहेब पाहिले होते, सभा ऐकल्या होत्या. पण आपल्याविरुद्धचं मत वाचून दुसऱ्या दिवशी स्वतःचं अंग पुढे करणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. पुढेही कधी पाहिलं नाही.

शनिवारी देवराव तेच कागद घेऊन बाईंबरोबर मेट्रनकडे गेले. शालूचं मत सगळ्यांत वर होतं. खाली बाईंनी लिहिलं होतं: 'बाहुली ठेवावी. मात्र आठवड्यातून एक दिवस खाटेवर आम्ही निजू, मीही आणि मुलीही.'

माणिकबाईंनी सगळं वाचलं. मग नजर बाईंच्या पायावरच्या पट्टीवर गेली. "हे काय?"

"हे तेविसावं मत," बाई म्हणाल्या.

माणिकबाईंनी कागद घडी घालून ठेवले. "चादरी मागच्या व्हरांड्यात रचून घेते," एवढंच म्हणाल्या.

दोन वर्षांनी बाईंची अमरावतीला बदली झाली. देवराव ट्रंक घेऊन स्टेशनवर गेले. आज तरी विचारू, तिकडे तुमचं कोणी आहे का, असं घरून ठरवून निघाले होते. गाडी आली, ट्रंक आत गेली. बाई खिडकीशी बसल्या.

"सुंदराबाईले उन्हात टाकत जा, देवराव. पावसाळ्यात कापसाले वास लागते."

"टाकतो."

"दोन्ही कुशींवर."

"हो, बाई."