वरच्या काकांचा न संपणारा रोल

अख्ख्या नवी मुंबईत, वाशीच्या पुलापासून थेट उरणपर्यंत, ज्याच्या हातात कॅमेरा दिसला की म्हातारी माणसं लिफ्टची वाट न बघता जिन्याने पळ काढतात असा एकच माणूस असेल, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहतो. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. त्यांना नाव आहे, नेमप्लेटवर ते ठसठशीत लिहिलेलंही आहे, पण आमच्या घरात ते पहिल्या दिवसापासून ‘वरचे काका’. काडीसारखे उंच, अर्ध्या बाह्यांचा शर्ट पँटीत खोचलेला, आणि बोलणं असं की निम्मं वाक्य तुम्हाला ऐकवायचं आणि निम्मं खिडकीतल्या उजेडाकडे बघत गिळून टाकायचं. न्हावा शेवा बंदरात, जकातीचे कागद करून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात त्यांनी उभा जन्म कंटेनरचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवण्यात घालवला. कंटेनरात काय असतं हे त्यांना कागदावरून पाठ असायचं, पण एकही कंटेनर उघडलेला बघितला नाही असं ते स्वतःच सांगतात. सांगताना हसत मात्र नाहीत, त्यामुळे आपण हसावं की नाही याची पंचाईत होते.

कॉलेजात असताना काकांकडे रोलचा कॅमेरा होता. नात्यातली बारशी, मुंजी, साखरपुडे सगळं त्यांनी टिपलेलं. मग लग्न झालं, फ्लॅटचे हप्ते सुरू झाले, रोल महाग वाटायला लागले आणि कॅमेरा माळ्यावर गेला. बरीच वर्षं गेली, भिंगाला बुरशी धरली, कोणाला काही वाटलं नाही. काकू गेल्या तेव्हा मात्र हार घालायला फोटो शोधताना सगळ्या कपाटांची उलथापालथ झाली आणि ज्या माणसाने दुनियेचे फोटो काढले त्याच्या घरात स्वतःच्या बायकोचा एकटीचा एक धड फोटो निघाला नाही. शेवटी कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून काकूंना कापून मोठं केलं. तो फोटो अजून भिंतीवर आहे. काकूंच्या कानाला खेटून कुण्या अनोळखी बाईचा हिरव्या शालूतला खांदा आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, हा खांदा कोणाचा? काकांना माहीत नाही. ते म्हणतात, “असेल कोणीतरी जवळचं.”

त्या खांद्याने त्यांना छळलं असणार. कारण परदेशातल्या मुलीने पुढच्या सुट्टीत डिजिटल कॅमेरा आणून हातात ठेवला, तेव्हा काकांनी तो फुलं, पाखरं, सूर्यास्त यांच्यावर वाया न घालवता एकदम जाहीर केलं की सोसायटीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक तरी फोटो असा असला पाहिजे की ज्यात दुसऱ्या कोणाचा खांदा नाही. खाडीत फ्लेमिंगो उतरले की पाम बीच रोडला हातभर लांब लेन्सा घेऊन माणसांची जत्रा भरते. काका तिकडे फिरकले नाहीत. पाखरांचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत, म्हणाले.

आता डिजिटल कॅमेऱ्याचं सुख काय, तर धडाधड बटण दाबावं आणि वाईट आलेले उडवून टाकावेत. पण काका पडले रोलच्या जमान्यातले. एका माणसाचा एकच फोटो, म्हणजे एकच. दुसरा काढणं त्यांना उधळपट्टी वाटते. त्यामुळे तो एक काढण्याआधी ते तुमचा जो काही अंत बघतात! खुर्ची हलवतील, पडदा सरकवतील, स्वतःचाच तळहात तोंडासमोर धरून त्यावरचा उजेड पाहतील, मग ‘अं हं’ करतील आणि खुर्ची परत होती तिथे ठेवतील. तोवर तुमच्या चेहऱ्यावरचं हसू आंबून जातं. ते आंबलं की म्हणतात, आता ठीक आहे. कॅमेऱ्याच्या मागचा स्क्रीन तर त्यांनी काळी पट्टी लावून बंदच करून टाकला आहे. काढला की लगेच बघायचा हा त्यांच्या मते हावरटपणा. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाचा फोटो काढायला उभे राहिले, तर अध्यक्षांच्या डोक्यामागून केबलची वायर जाते म्हणून सगळ्या कमिटीला पावला-पावलाने सरकवत सरकवत त्यांनी पार्किंगात नेलं. फोटो झकास आला. झेंडा तेवढा त्यात नव्हता.

रविवारी सकाळी ते दिवाळ्याला, बेलापूरजवळच्या कोळीवाड्यात जात. खाडीवर होड्या लागलेल्या, बायका मासळी वाळत घालायच्या गडबडीत. काका कॅमेरा पिशवीत ठेवून आधी परवानगी मागत, आणि तीही इतक्या अदबीने की समोरच्या बाईला वाटावं हे जमीन मोजायला आलेत. एका कोळणीने त्यांना सुनावलं, “फोटू काढून प्वाट भरनार हाय का माजा? सुकट घे.” काकांनी मुकाट सुकट घेतली. काका पक्के शाकाहारी. पण दर रविवारी भिडेपोटी कधी सुकट, कधी बोंबील घेऊन यायचे आणि आमच्या दाराला ती पिशवी लटकवून जायचे. लिफ्टमध्ये वास दरवळायचा आणि सगळी बिल्डिंग माझ्या नावाने नाक मुरडायची. मी त्यांना काही बोलले नाही, कारण बोंबील चांगले असायचे.

तर ती म्हाताऱ्या माणसांची मोहीम. पहिले बसले तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. फोटो इतका देखणा आला की मास्तर तो शर्टाच्या खिशात घालून फिरायचे. महिन्याभरात मास्तर गेले. वय झालं होतं, कोणाला धक्का बसला नाही, पण बाराव्याला हार घातलेला तो फोटो बघून सगळे हळहळले की वा, काय काढलाय, अगदी बोलतील असं वाटतं. मग बी विंगमधल्या आजी बसल्या, आणि पावसाळ्यात त्याही गेल्या. मग सेक्रेटरींचे वडील. ते तर आधीपासूनच अंथरुणाला खिळलेले, पण आता हे कोणी ध्यानात घेईना. तीन घरं, तीन हार, आणि तिन्ही भिंतींवर काकांनी काढलेले फोटो! एवढं पुरलं. कट्ट्यावर काका येताना दिसले की मंडळी एकदम उठायची. एकाने पेपर तोंडासमोर धरला तो काका जाईपर्यंत खाली घेतला नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका काकूंनी तर सांगितलं की डॉक्टरांनी फ्लॅश मना केलाय. मी ऐकून पोट धरधरून हसले होते. शेवटी कमिटीतला एक तरुण वर जाऊन गोड बोलून आला की काका, सीनियर मंडळींचे नका ना काढू, उगाच गैरसमज होतात, लोकांना टेन्शन येतं.

काका बरं म्हणाले. वाद घालणं त्यांच्या अंगातच नाही. पण त्यानंतर कट्ट्यावर बसणंही संपलं. कॅमेरा नसला तरी माणसं उठायचीच, मग कशाला जा? बस पकडून ते जुन्या ओळखीच्या रस्त्याने न्हावा शेव्याकडे, द्रोणागिरीकडे जायचे आणि कंटेनरचे, गोडाऊनच्या बंद शटरचे फोटो काढून आणायचे. एकदा त्यांनी मला ते छापून आणलेले दाखवले. टेबलभर पसरलेल्या त्या फोटोंत माणूस कुठेच नव्हता. सुंदर आहेत, मी म्हटलं. पण मला आत कुठेतरी फार वाईट वाटलं.

आणि इथे आमच्या सासूबाई मैदानात उतरल्या. साताऱ्याकडच्या, ऐंशी पार केलेल्या, तोंडाने फटकळ. आम्ही नवराबायको सकाळी ऑफिसला गेलो की त्या दिवसभर एकट्या. कट्ट्यावरची ही भानगड त्यांच्या कानावर आली तशी त्यांची कळी खुलली. त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती, ती म्हणजे आधार कार्डाची. त्यावरच्या फोटोत त्या अंगणातली कोंबडी चोरताना सापडल्यासारख्या दिसतात. आपण गेल्यावर लेक आळशीपणा करणार आणि तोच मोठा करून लावणार, याची त्यांना पक्की खात्री. “मेल्यावर जलमभर त्या थोबाडानं भितीवर बसू व्हय?” त्यांनी मला विचारलं, आणि ठेवणीतलं इरकल नेसून, नथ घालून, माझा हात धरून वर गेल्या. काकांना म्हणाल्या, भाऊ, माझा काढा, मला कशाचं भ्या न्हाई.

काकांनी सगळं साग्रसंगीत केलं. खुर्ची झाली, पडदा झाला, तळहात झाला. कॅमेरा डोळ्याला लावून ते कितीतरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, झाला. सासूबाईंनी आवळून धरलेला पदर समाधानाने सोडला. मी मात्र बाजूला उभी होते, आणि मला दिसलं की लेन्सवरचं झाकण काढलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून मी त्यांना सरळ विचारलं. ते जिन्याच्या खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मला कळतं हो वहिनी, फोटोने कोणी मरत नाही. पण हात धजत नाही. त्या एकट्याच तर आल्या माझ्याकडे.”

तिकडे सासूबाईंनी संध्याकाळी फोटो मागितला, तेव्हा काकांनी बेधडक सांगून टाकलं की अहो आक्का, रोल अजून संपला नाही, संपला की धुवायला टाकतो. सासूबाईंना यात वावगं काहीच वाटलं नाही. त्यांच्या लग्नाचे फोटो पहिलं मूल पाळण्यात आल्यावर गावी पोचले होते. फोटो म्हणजे वाट बघायचीच गोष्ट. मग रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्या चौकशीला वर जायला लागल्या. काका चहा टाकायचे. रोल संपला का, नाही, बरं, साखर कमी झाली आज, असं त्यांचं चालायचं. मी ऑफिसातून आले की वरून हसण्याचा आवाज यायचा, आणि काका हसतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी सासूबाईंना एकदा म्हटलं, आई, कशाला रोज दोन जिने करता, नेरूळ स्टेशनापाशी स्टुडिओ आहे, दहा मिनिटांत फोटो हातात देतो. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मला शहाणपण कोणी शिकवलंच नव्हतं. म्हणाल्या, “त्यो स्टुडिओवाला च्या पाजतो का?”

असा तो रोल वर्षभर संपला नाही. हिवाळ्यात सासूबाईंना साधा ताप आला, तो छातीत उतरला आणि चार दिवसांत त्या गेल्या. आणि त्यांच्या लेकाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी नेमकं तेच केलं जे त्यांनी सांगून ठेवलं होतं. दुसरा फोटो होताच कुठे? आधार कार्डावरचा मोठा करून आणला. आईंचं बोलणं सांगून त्याला आणखी रडवायचं?

बाराव्याला काका आले. हार घातलेल्या फोटोसमोर उभे राहिले. सासूबाई भिंतीवरून त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होत्या. माणसं येत होती, जात होती, काका हलेनात. मी पाण्याचा पेला घेऊन गेले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, “मी काढला नाही म्हणून काही राहिल्या नाहीत त्या.” पाणी तसंच ठेवून ते वर निघून गेले.

त्यानंतर दिवाळ्याची फेरी बंद झाली. द्रोणागिरीही बंद. वरून आवाज म्हणून यायचा तो फक्त प्रेशर कुकरच्या शिट्टीचा. एके संध्याकाळी मला राहवेना. ऑफिसातून आले ती पर्स खांद्यालाच ठेवून तडक वर गेले, त्यांच्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, काका, काढा माझा. ते घाबरलेच. म्हणाले, वहिनी, तुम्ही नको, तुमचं अजून वय काय. मी म्हटलं, मला कुठे जायची घाई नाही, पण आमच्या घरातल्या पुरुषांचा भरवसा तुम्ही बघितलाय. माझंही आधार कार्ड काही फार बरं नाही.

मग काकांनी कॅमेरा आणला. पडदा सरकवला, तळहात बघितला. झाकण काढून खिशात ठेवलं, ते मी नीट पाहिलं. कॅमेरा डोळ्याला लावला. खटकन आवाज झाला. मला हसायचं होतं, पण आई आठवल्या आणि माझं तोंड वेडंवाकडं झालं. तसाच आला असेल तो फोटो.

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा मी चपला घालत असताना मला म्हणाले, “काही दिवस रस्ता जरा जपून ओलांडा.” मी हसले. ते हसले नाहीत.

याला आता बरेच महिने झाले. मी धडधाकट आहे, वजन थोडं वाढलंय. संध्याकाळी बसमधून उतरून रस्ता ओलांडते आणि गेटपाशी आले की वर बघते. काका गॅलरीत उभे असतात. पाऊस असो, उकाडा असो, मला ऑफिसात उशीर झालेला असो, ते असतात. मी हात करते. ते हात करत नाहीत. मी गेटच्या आत आले एवढं बघतात आणि घरात जातात.