कुड्याची फांदी

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, तीही वनस्पतिशास्त्राची. हे मी कुणी न विचारताही सांगते. कोळगावला रानझाडांचं दोन दिवसांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा एक टेबल माझ्याकडे होतं. मदतीला म्हणून आईला पाड्यावरून बोलावलं. खरं तर तिने मला तिथे बघावं, एवढ्यासाठीच.

कुडा मी स्वतः वाटेत तोडला होता. कार्ड लिहिलं: पांढरा कुडा, साल पोटाच्या विकारांवर औषधी. आईने फांदी उचलून पाहिली. "हा तो नाय गं. हा काळा. साल चाव, कळंल."

फुलं पांढरीशुभ्र. पण दोन्ही कुड्यांची पांढरीच असतात, चीकही पांढराच. समोर पाहुणे उभे होते. मी म्हटलं, "आये, इथं चावून नाय बघत. पुस्तक बघून लिवलंय." दोघंतिघं हसले. आई मागच्या खुर्चीवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फांदी सुकून पानं काळीनिळी पडली होती. सुकल्यावर काळ्या कुड्याचीच पानं अशी होतात. फुलांच्या मधोमध बारीक झालर होती. पांढऱ्याला ती नसते. शिकलेलं सगळं मला तेव्हा आठवलं. आई चहाला गेली होती, तेवढ्यात मी फांदी टेबलाखाली ढकलली आणि मागच्या माळावरून खऱ्या पांढऱ्या कुड्याची आणून त्याच कार्डामागे ठेवली.

आईने आल्या आल्या टेबलावर पाहिलं, मग टेबलाखाली. दिवसभर मी लोकांना साल कशी कडू असते ते सांगत होते. ती मागच्या खुर्चीवरून ऐकत होती.

तेव्हापासून ती माझ्यादेखत झाडाचं नाव घेत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "तिला इचारा, शिकलीय ती." बोईसरला कंपनीच्या लॅबमध्ये मी तपासल्याशिवाय एका बाटलीला लेबल लावत नाही, आणि इथे आईला गप्प केलं.

परवा दोन्ही साली घेऊन घरी गेले. तिच्यासमोर चावल्या. काळ्याची फिकी निघाली, पांढऱ्याच्या कडूपणाने तोंड वाकडं झालं.

"आये, तू खरं बोललीस. फांदी मी लपवली."

"ठावं हाय," ती तांदूळ पाखडत म्हणाली. "तवा बोलायचं होतं, त्या लोकांम्होरं. थुंक आता ते. पाणी पी."

निघताना मी दारातल्या झाडाकडे बोट करून विचारलं, "हे कुठलं गं?" मला माहीत होतं, आणि तेही तिला माहीत होतं.

"चावून बघ," ती म्हणाली.