डोकं त्यांचं, हात माझे

"हिचा बाप कोरगावला हुर्राक गाळतो, काजूची दारू. त्यामुळे भट्टीसमोर उभं राहायची हिला सवय आहे. डोकं आमचं, हात हिचे."

असं सर म्हणाले. माइक हातात धरून, भर सभागृहात. समोर दिल्लीचे पाहुणे, विद्यापीठातले मोठे लोक, सरांच्या घरची माणसं. सगळे हसले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. पीएचडीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. सरांचे बाकीचे विद्यार्थी खुर्च्यांवर बसले होते. त्यांची आडनावं सरांच्या आडनावाच्या जवळची होती.

सत्कार सरांचाच होता. भौतिक रसायनशास्त्रात त्यांचं नाव मोठं. पडद्यावर त्यांच्या सायटेशनचा आलेख लावला होता. म्हणजे जगभरात किती संशोधकांनी आपल्या पेपरात सरांच्या पेपरांचा आधार घेतला, त्याचा हिशेब. रेघ वर चढली की टाळ्या. आणि ती जिथे सर्वांत उंच चढली होती, ते काम माझं होतं.

डिचोलीच्या बंद खाणीतली तांबडी माती मी पोत्यात भरून बसने आणली. धुतली. भट्टीत भाजली. पाण्यातलं आर्सेनिक त्या मातीच्या कणांना किती आणि किती वेगाने चिकटतं ते मोजलं. त्याचं गणित मांडलं. सर तेव्हा परदेशात होते. परत आल्यावर म्हणाले, "माती भाजायला काय डोकं लागतं?"

पेपर छापून आला. पहिलं नाव सरांच्या भाच्याचं, दुसरं सरांचं. तिसरं नावच नाही. मी शेवटी, आभारांत. 'तांत्रिक मदतीबद्दल.' भाचा पुण्यात शिकायचा. आमच्या प्रयोगशाळेत एकदाच आला होता, फोटो काढून घ्यायला.

आईला इंग्रजी येत नाही. पण माझं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते ती ओळखते. तिने पेपर हातात घेतला, वरच्या ओळीवरून बोट फिरवलं.

"तुजां नाव खंय आसा गो?"

मी तिचं बोट धरून शेवटच्या पानावर नेलं.

तो पेपर गाजला, तसे सर फुगत गेले. ओळखीच्या प्राध्यापकांशी त्यांचं ठरलेलंच होतं. तुम्ही माझे पेपर तुमच्या संदर्भांत घाला, मी तुमचे माझ्यात घालतो. ओळखीच्या पंगतीत वाढतात तसं. भूक असो नसो, पान भरलेलं दिसलं पाहिजे. आणि याला हे लोक विज्ञान म्हणायचे. गंभीर चेहऱ्याने, शाल पांघरून.

सत्कारानंतर माझा दुसरा पेपर तयार झाला. सरांनी पुन्हा भाच्याचं नाव पहिलं टाकलं. विषयाशी संबंध नसलेले स्वतःचे जुने पेपर संदर्भांत कोंबले. "बघ, या वेळी तुझंही नाव घातलंय," म्हणाले. भीक घातल्यासारखे.

पण त्या नियतकालिकाचा नियम होता. प्रत्येक लेखकाला मेल जायचा: कोणी काय काम केलं, ते मान्य आहे का? मला तो मेल आला तेव्हा मी धारगळला बसची वाट बघत उभी होते. पाठोपाठ सरांचा फोन.

"मेल आला असेल. हो म्हणून टाक."

सत्कारातलं ते हसू मला आठवलं. 'हो' पाठवायला हात वर आला आणि थांबला. हा हात माझा होता, तेवढं तर त्यांनीच सांगितलं होतं. मी लिहिलं: पहिल्या लेखकाने या कामात काहीही केलेलं नाही. प्रयोग माझे, गणित माझं. पाठवलं.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं. भाचाही बसला होता.

"तुला मी घडवलं," सर म्हणाले.

"सर, याला यातलं एक समीकरण समजावून सांगू द्या. जमलं तर मी माझा मेल मागे घेते."

भाच्याने मोबाइलमध्ये मान घातली. सरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना माहीत होतं.

"जा पेडण्याला. पोरांना शिकव. तुझी झेप तेवढीच."

नियतकालिकाने पेपर परत पाठवला. माझ्या प्रबंधावर सरांनी सही केली नाही. पहिल्या पेपराबद्दल मी तक्रार केली, तर चौकशीला बसले सरांचेच पंगतीतले स्नेही. त्यांना काही सापडलं नाही. सापडणार कसं? शोधायची सवयच मोडलेली.

आज मी पेडण्यात बारावीला रसायनशास्त्र शिकवते. सुट्टीत कोल्हापूरला जाते. तिथल्या विद्यापीठातल्या एका बाईंनी मला प्रबंधासाठी मार्गदर्शन करायचं कबूल केलंय. सगळं पहिल्यापासून मोजते आहे. मध्यंतरी सरांनी निरोप पाठवला: माफी माग, सही देतो.

माफी मागणार नाही. प्रबंध माझ्याच नावावर होईल, वेळ लागला तरी. सरांनी तरुणपणी एकट्याने एक खरं काम केलं होतं. ते माझ्या कामात लागतं. त्याचा संदर्भ मी देणार, कारण ते त्यांच्या हक्काचं आहे. बाकीचा एकही पेपर नाही. फुकटचं त्यांना माझ्याकडून यापुढे काही मिळणार नाही.