बरण्यांवरच्या चिठ्ठ्या

फोटो धुवायला लागणाऱ्या पाण्यावरून आमच्या घरात जितकी भांडणं झाली, तितकी दुसऱ्या कशावरून झाली नाहीत. दादा, म्हणजे आमचे वडील, गावचे पाटील. मेहकरहून बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी काचेच्या प्लेटांचा जुना कॅमेरा घेतला होता. आमचं गाव मेहकरपासून तीन कोसांवर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि दादांची फोटोची औषधं नागपूरहून पार्सलने येत. औषधांबद्दल आईची काही तक्रार नव्हती. तिचा राग पाण्यावर होता.

"गावातल्या बाया एका घागरीसाठी विहिरीवर तिष्ठत राह्यतात," ती म्हणे, "अन् इथं कागद आंघोळी करून राह्यले. सहा सहा डाव!"

फोटोच्या कागदाला सहा पाणी लागत हे खरंच होतं. तो धुणं माझ्याकडे होतं.

आम्ही तीन बहिणी. थोरली बारा वर्षांची, मी नऊची आणि धाकटी चारची. धान्याच्या कोठीला खिडकी नव्हती, म्हणून तीच दादांची अंधारखोली. एका अंगाला ज्वारीची कणगी, दुसऱ्या अंगाला फळी, फळीवर ताटल्या, बरण्या आणि लाल काचेचा कंदील. थोरली कंदील धरायची. धाकटीला आत मज्जाव होता. मी बाहेर ओट्यावर बसून कागद धुवायची आणि शेवटी परीक्षा घ्यायची. परीक्षा अशी. पटकीच्या भीतीने विहिरीत टाकायचं जांभळं औषध सरकारकडून येई आणि ते पाटलाच्या घरी ठेवलेलं असे. त्याचे एक-दोन कण वाटीभर पाण्यात टाकले की फिकं गुलाबी पाणी होतं. शेवटच्या धुण्याचे थेंब त्यात सोडायचे. गुलाबी रंग उडाला, तर कागदात हायपो शिल्लक आहे, आणखी धुवा. रंग राहिला, तर काम झालं. हायपो म्हणजे फोटो पक्का करायचं मीठ. ही परीक्षा घरात माझ्याइतकी कोणाला जमत नव्हती. थोरली औषध नेहमी जास्त टाकायची.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर दादांच्या काचा फिक्या येऊ लागल्या. आम्हा तिघींना विहिरीच्या काठाशी उभं करून काढलेली काच तर इतकी फिकी की आमच्या जागी धूर उभा आहे असं वाटावं. दादांनी पुस्तक चाळलं आणि फिकी काच गडद करायचं एक औषध मागवलं. ते आलं त्या दिवशी त्यांनी आम्हाला कोठीच्या दारात उभं केलं.

"हे रसकापूर आहे. विष आहे. चिमूटभर पोटात गेलं तर मानूस वाचत नाई. समजलं?"

"हाव," आम्ही म्हणालो.

कागदाच्या पुड्यांना ओल लागते म्हणून दादांनी आईकडून लोणच्याच्या दोन लहान बरण्या घेतल्या होत्या. दोन्ही सारख्या, पांढऱ्या, तपकिरी झाकणाच्या. एकीत हायपो, एकीत रसकापूर. पुडी उघडली तेव्हा मी पाहिलं होतं, तेही पांढरे खडेच होते. दादांनी चिठ्ठ्या लिहून बरण्यांना चिकटवल्या. वळणदार अक्षरात, इंग्रजीत. त्यांना आपल्या इंग्रजी अक्षराचा अभिमान होता.

दिवाळीच्या आधी आईने घर साफ करायला काढलं. भांडी राखेने घासायची, डबे-बरण्या ओल्या फडक्याने पुसायच्या, असं तिने मला सांगितलं. कोठीतल्या फळीला हात लावायला तिने सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने केलं. दादा शेतात कापूस वेचायला आलेल्या बायांकडे गेले होते. आल्यावर फळी लखलखीत पाहून खूश होतील, एवढाच माझा हिशेब. दोन्ही बरण्या मी ओट्यावर आणल्या, झाकण घट्ट धरून बाहेरून घासल्या आणि पालथ्या हाताने पाणी निपटलं. खाली पाहिलं तर दोन्ही चिठ्ठ्या राखेच्या पाण्यात पडलेल्या.

मला इंग्रजी येत नव्हतं. एका चिठ्ठीवर लहान शब्द होता, दुसरीवर मोठा. कोणती कोणत्या बरणीवरची, ते आठवेना. झाकणं उघडून पाहायची भीती वाटली. मी चिठ्ठ्या उन्हात वाळवल्या, कणकेची खळ केली आणि अंदाजाने चिकटवल्या. बरण्या फळीवर ठेवल्या. सांगितलं असतं तर दादांनी मारलं नसतं, ते मारत नसत. पण धुणं माझ्याकडून काढून थोरलीला दिलं असतं. म्हणून मी गप्प राहिले. उद्या सांगू, असं दोन दिवस केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी कोठीतून बाहेर आली. तोंड हलत होतं. थोरलीने कंदिलाची काच पुसायला दार उघडलं होतं आणि लावायचं विसरली होती.

"काय खाऊन राह्यली वं?" आईने विचारलं.

"खडीसाखर."

घरात खडीसाखर नव्हती. आईने तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं, काही उरलं नव्हतं. मग कोठीत पाहिलं. एका बरणीचं झाकण खाली होतं. तिने ती बरणी तशीच उचलली आणि अंगणात दादांसमोर धरली.

दादांनी चिठ्ठी वाचली आणि श्वास सोडला.

"हायपो आहे. काही होत नाई. फार तर दोन डाव ढाळ होईल."

"नक्की?"

"लिवलं आहे ना! मीच लिवलं."

आई खाली बसली. थोरली रडायला लागली, कारण दार तिने उघडं ठेवलं होतं. दादा तिला म्हणाले, "झालं ते झालं, पन बेफिकीरपना बरा नाई." धाकटीला सगळे आपल्याकडे पाहतायत याची मौज वाटत होती. दादांनी झाकण लावलं आणि ते चिठ्ठीवर अंगठा फिरवू लागले. कड थोडी उचलली होती. माझी खळ पातळ झाली होती.

मी खांबाला धरून उभी होते. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. फार नसेल. पण तेवढ्यात मी असाही विचार केला की चिठ्ठी बरोबर असेल तर न बोलता निभावेल. हे लिहायला बरं वाटत नाही, पण केला. मग धाकटीने पोटावर हात ठेवला.

"दादा, ती चिठ्ठी खोटी असन," मी म्हणाले.

"काय?"

"म्या बरण्या धुतल्या. चिठ्ठ्या निंघाल्या. म्या अंदाजानं लावल्या."

दादांनी बरणी ओट्यावर ठेवली, अगदी सावकाश. मग धाकटीपुढे उकिडवे बसले.

"बाई, खडीसाखर गोड होती?"

"हाव."

"का कडू होती?"

"हाव."

"तोंड भाजते का?"

"हाव," ती म्हणाली आणि सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून रडू लागली.

"अंडे पायजेत," दादा म्हणाले. "अंड्याचं पांढरं अन् दूध. पुस्तकात तेच लिवलं आहे. कोनी छकडा जुंपा, मेहकरले न्या लागते."

आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. अंड्याचं नावही ती काढू देत नसे. ती अनवाणी मागच्या गल्लीत गेली आणि कोंबड्या पाळणाऱ्या बाईकडून चार अंडी पदरात घेऊन आली. तिनेच ती आमच्या पितळी वाटीत फोडली. पिवळं कसं वेगळं करतात ते तिला माहीत नव्हतं, तिने बोटांनी ओढून काढलं. धाकटीचं नाक दाबून तिला पाजलं. तिने अर्धं ओकलं. आईने पुन्हा पाजलं.

गड्याने छकडा दाराशी आणला होता. पण दादा अडले होते. डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, काय खाल्लं? त्यांनी जांभळ्या औषधाची बाटली आणली, पेल्यात पाणी घेतलं आणि औषध ओतलं. घाईत बरंच पडलं. पाणी काळंजांभळं झालं. त्यात त्या बरणीतला एक खडा टाकला. पाणी गढूळ, तपकिरी झालं. ना रंग गेला, ना राहिला.

"काय समजाचं याचं?" आई म्हणाली. "मरते का जगते, ते सांगा ना!"

दादांनी पेला उजेडाकडे धरला.

"गडद झालं, दादा," मी म्हणाले. "एवढं नाई टाकत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाटली माझ्या हातात दिली.

मी आईची पांढरी वाटी घेतली, माझी नेहमीची. पाणी भरलं. झाकणावर कण काढून घेतले, बोट ओलं करून एकच उचलला आणि पाण्यात हलवला. फिकं गुलाबी झालं. अशा दोन वाट्या केल्या. दादांनी फळीवरची दुसरी बरणीही आणली. आधी या दुसऱ्या बरणीतला कण एका वाटीत टाकला. हलवलं. गुलाबी होतं तसंच राहिलं. मग धाकटीने खाल्लेल्या बरणीतला कण दुसऱ्या वाटीत टाकला. माझं बोट पाण्यातच होतं. रंग आधी कडेने गेला, मग मधला, आणि वाटीचा तळ दिसला.

"हायपो," दादा म्हणाले. "हायपोच."

चिठ्ठ्या बरोबर लागल्या होत्या. यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं.

आई उठली, पदराने हात पुसले. मला वाटलं आता माझी पाळी. ती दादांपुढे जाऊन उभी राहिली.

"घरात इंग्रजी वाचाले येते कोनाले?"

दादा बरणीवरच्या चिठ्ठीकडे पाहू लागले.

"तुमाले एकट्याले. अन् तुमाले तर ठाऊकच होतं आत काय आहे ते. मंग ते लिवलं कोनासाठी?"

"मराठीत लिवतो आता."

"मले मराठी तरी कुठी वाचता येते?"

दादांनी रसकापुराची बरणी फडक्यात बांधली, कुदळ खांद्यावर टाकली आणि विहिरीपासून लांब, पडीत रानाच्या टोकाला जाऊन कमरेइतक्या खड्ड्यात ती पुरून आले. धाकटीला संध्याकाळपर्यंत ढाळ झाले आणि मग तिने भाकरी मागितली. ती पितळी वाटी आईने पुन्हा स्वयंपाकात घेतली नाही, पण टाकलीही नाही. धुणं माझ्याकडून काढून घेतलं नाही. मला कोणी काही विचारलं नाही, आणि ते मारण्यापेक्षा जड गेलं.

आमच्या तिघींची ती काच फिकीच राहिली. दादांनी तसाच कागद काढला आणि चौकटीत बसवला. तो आता माझ्याकडे आहे. त्यात थोरली ओळखू येते, मी थोडी, आणि धाकटीच्या जागी नुसता पांढुरका डाग आहे. ती माहेरपणाला आली की दर वेळी विचारते, "माहं तोंड काऊन नाई दिसत वं याच्यात?"

"हालली तू," मी सांगते.

त्या दुपारचं तिला काही आठवत नाही. आईने तिला सांगितलं नाही, दादांनीही नाही. आता वाचेल.