कानांवर हात

पहिल्या बाळंतपणानंतर माझे कान गेले. एकदम नाही, आधी दारावरची थाप गेली, मग सोप्यातून आलेली सासूबाईंची हाक. लढाई चालू होती, मालक पलटणीत होते, आणि घरात मी आणि सासूबाई.

गावच्या पिठाच्या गिरणीत मात्र मला छान ऐकू यायचं. इंजिन असं धडधडायचं की बायका घसा ताणून बोलायच्या, म्हणून तिथं मी शेजारणीशी खुशाल गप्पा मारायची. सासूबाईंनी एकदा ते पाहिलं आणि झालं!

“घरात भैरी आन गिरणीत बरी? सोंग हाय सगळं!”

त्यात मी बोलायची हळू. माझाच आवाज माझ्या डोक्यात घुमायचा, त्याला मी काय करू? तर म्हणे, “भैरी मानसं वरडत्यात, ही बघा कशी पुटपुटतीया.” एकदा माझ्या पाठीमागं त्यांनी पितळी परात आपटली. मी दचकले. अहो, त्या आवाजानं मुडदाही उठून बसला असता! पण त्यांच्या लेखी निकाल लागला. त्या दिवसापासून एकच धमकी, सोंग हाय म्हणून ठरलं की तुला म्हायेरी, कुंडलला धाडीन आणि पोरगी हितं ठिवून घीन.

लढाई संपली आणि मालक आले ते एक कान बाद करून. बाँबगोळा जवळ फुटला होता. सारं गाव बघायला आलं. जो तो त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून मोठ्यानं बोलायचा, सासूबाई तर डोळे पुसत बोलायच्या. माझ्या कानाशी कधी कोणी वाकलं नव्हतं.

त्यांचा कान दाखवायला सांगलीला निघालो. मी हट्टानं म्हटलं, माझाही दाखवा. होऊन जाऊ दे एकदाचं.

सासूबाई बाहेर बाकावर बसल्या. डॉक्टरांनी कपाळावरच्या आरशानं आम्हा दोघांचे कान पाहिले. मग एक पोलादी चिमटा गुडघ्यावर आपटून माझ्या कानापुढं धरला. काही नाही. त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, तर डोकंभर नाद घुमला! मला रडूच आलं. मालकांच्या फुटक्या कानालाही तेच झालं.

डॉक्टर मोठ्यानं, सावकाश बोलले. “दोघांच्याही नसा शाबूत आहेत. आवाज आत जायची वाट अडलीय. यांचा पडदा फाटलाय. बाईंच्या कानातलं बारीक हाड जाम झालं असणार, बाळंतपणानंतर ते वाढतं. गलक्यात त्यांना बरं ऐकू येतं, हीच तर त्याची खूण. सोंग नाही हे. मोठ्यानं बोलत चला त्यांच्याशी.”

मालकांनी मान डोलावली. मी पाहिलं.

परतीच्या मोटारीत इंजिन गरजत होतं. सासूबाईंनी ओरडून विचारलं, “काय म्हनला रं डाक्तर हिच्या कानाचं?”

मालकांनी आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि फुटक्या कानावर हात ठेवला. “नस चांगली हाय म्हनला. फुडचं काय मला ऐकू आलं न्हाई, आये.”

त्या गोंगाटात मला शब्दन् शब्द ऐकू आला. “आवं, खोटं का बोलताय?” मी म्हटलं. पण मी पुटपुटणारी, त्या इंजिनापुढं माझं कोण ऐकतंय?

“नस चांगली म्हंजे कान चांगला,” सासूबाई म्हणाल्या. “आता डाक्तरच बोलला.”

चार दिवसांनी मालकांनी मला कुंडलला न्यायला बैलगाडी जुंपली. गाडी वळणावर गेली तेव्हा मागं पाहिलं. सासूबाईंच्या कडेवर लेक, तोंड एवढं मोठं उघडलेलं. रडत होती की मला हाक मारत होती, मला काही कळेना.

“काय म्हनतीया ती?” मी मालकांना विचारलं.

त्यांनी पुन्हा कानावर हात ठेवला.