निर्भीड म्हणू नका त्यांना

फोन आला तेव्हा मी बोरगाव मेघेतल्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. पत्रकाच्या प्रती निघत होत्या, गरम गरम, आणि प्रत्येकीच्या तळाशी देवरावभाऊंचं नाव होतं. तळेगावच्या अलीकडे एका टिप्परनं त्यांच्या मोटारसायकलला मागून धडक दिली... टिप्पर थांबला नाही. फोनवरचा माणूस ‘गेले’ म्हणाला आणि मशीन प्रती काढतच राहिलं. 

कागदावर तो अपघात आहे. असेलही. महिना उलटला, टिप्पर सापडलेला नाही. मला खरं काय ते माहीत नाही, आणि हे माहीत नसणंच रोज माझ्या गाडीवर मागे बसून येतं.

आठवड्याभरात चौकात फ्लेक्स लागला: ‘निर्भीड नेतृत्व हरपले’. खाली हात जोडलेल्या चेहऱ्यांची रांग. त्यातल्या अर्ध्यांनी भाऊंचा फोन उचलणं केव्हाच सोडलं होतं. भाऊंच्या गावामागच्या टेकडीवर गिट्टीची खाण येणार असं कळलं आणि भाऊंनी ग्रामसभेत विरोधाचा ठराव मांडायचं ठरवलं, तेव्हापासून. तो राग बाजूला ठेवला तरी शब्द खोटाच आहे. देवराव कुमरे हा मी पाहिलेला सगळ्यात भित्रा माणूस होता. हे मी आदरानं लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी मी आजूबाजूच्या खाणींविरुद्धच्या चळवळीत नवीन होते, पत्रकात ‘रणशिंग’ आणि ‘हुंकार’ लिहायचे. भाऊ तळेगावच्या बाजारात वांगी विकायचे आणि माल संपला की भोंगा लावलेल्या ऑटोजवळ उभे राहायचे. सुरुवात ठरलेली: “मले भेव लागून राह्यलं, तरी बोलतो.” आवाज खरोखरच कापायचा. बोलून झालं की ते परतीचा रस्ताही भोंग्यावरून सांगायचे. आता निघतो, शाळेमागून, नाल्याच्या पुलावरून, दिवे लागायच्या आत घरी. बाजार हसायचा. एकदा मिरचीवाली ओरडली, “अन् जेवाले काय हाय, तेबी सांग ना गा देवराव.” भाऊ गंभीरपणे माइकवरच म्हणाले, “वांगे. उरलेले.”

मी मात्र चिडले. धमक्या सुरू झाल्या होत्या, आणि हे स्वतःच आपला रस्ता जाहीर करणार? भाऊ वायर गुंडाळत होते.

“ज्याले मले गाठाचं हाय त्याले रस्ता माईतच हाय, पोरी. बाकीच्यायले माईत पाहिजे. म्या पोचलो नाई तं कोणीतरी पाहाले निघन.”

ते गेले त्या दिवशी सभा नव्हती. टोमॅटोची रोपं आणायला निघाले होते. भोंगा नाही, म्हणून रस्ता कोणालाच माहीत नाही. किती वेळ तिथे पडून होते, आजही कोणी सांगू शकत नाही...

मागच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर दोघेजण शेजारी येऊन उभे राहिले. एकानं विचारलं, “ताई, वर्ध्याले कोणत्या रस्त्यानं जाता?” एवढंच. आवाज अगदी गोड. मी गाडी तिथेच सोडली, एसटीनं घरी आले आणि आईला सांगितलं, पोट दुखतंय.

ग्रामसभा येत्या सोमवारी आहे. मी त्या गावची मतदार नाही, ठराव मला मांडता येत नाही. ज्यांना येतो त्यांच्यापैकी कोणाकडे लग्न निघालं, कोणाचा गुडघा धरला. सोमवारी कोणी उठलंच नाही, तर गावाचा विरोध नाही असं धरलं जाईल आणि टेकडी जाईल. म्हणून काल भाऊंच्या घरी गेले. भावकीतल्या कोणाला तरी तयार करा, असं शांतावहिनींना विनवायला.

त्यांनी आतल्या खोलीत बसवलं. खुंटीवर भाऊंचे सदरे तसेच होते. हात लावला तर बटणांच्या जागी टिचबटणं. वहिनी सांगू लागल्या. सभेच्या दिवशी सकाळपासून भाऊंची बोटं थरथरायची, काजात बटण जायचं नाही. आधी वहिनीच लावून द्यायच्या. मग भाऊंना लाज वाटू लागली, तेव्हा वहिनींनी एकेक करून सगळ्या सदऱ्यांना टिचबटणं शिवली. निघायच्या आधी दोनदा परसात जाऊन यायचे. मग टिच टिच करून निघायचे. इतकी वर्षं शेजारी उभी राहिले, मला कधी दिसलं नाही.

“ठराव मी मांडतो,” वहिनी मधेच म्हणाल्या, भाजी निवडायला घ्यावी तशा. “माह्यं नाव हाय यादीत. तू बाजूले बसजो.”

मी म्हटलं, वहिनी, मला यायचीच भीती वाटते.

“मंग मले का वाटत नाई?”

त्यांनी खुंटीवरचा निळा सदरा काढला आणि निंदणाला जाताना आमच्याकडच्या बायका घालतात तसा लुगड्यावर चढवला. म्हणाल्या, असाच घालून जाईन. खालची टिचबटणं लागली. गळ्याशी आल्यावर बोटं ऐकेनात. तेवढ्यात रस्त्यावर कुठलीतरी जड गाडी आली आणि घरासमोर तिचा वेग कमी झाला. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. वहिनींचा हात गळ्याशी, माझी नजर कडीवर. गाडी पुढे गेली. आवाज पार विरला तरी आम्ही हललो नाही... मग मी पुढे झाले आणि वरचं बटण लावलं.