पातेलंभर पोहे

डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये झेंडावंदन असो की पूजा, सकाळच्या चहासोबत सगळ्यांचे पोहे तळमजल्यावरचे काका करायचे. "पोहे परवडतात आणि पुरतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तिखट जरा जास्तच पडायचं, पण कुणी बोलायचं नाही.

बिल्डिंग पाडायला काढली आणि सगळे भाड्याच्या घरांत पांगलो. काका एकटेच शहाडला गेले. परवा सकाळी त्यांच्याकडे गेलेलो, तर ओट्यावर पातेलंभर पोहे.

"काका, आपण दोघंच ना?"

"थोडे करायला जमतच नाही रे."

त्यांनी भरलेली बशी माझ्या हातात दिली. मी चमचा शोधायला लागलो.

"ही समोरच्या घरी देऊन ये," काका म्हणाले. "आणि त्यांचं नाव विचारून ये."